साबुदाण्याच्या खळीचा कागद

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या क्लासमध्ये अशी बातमी पसरली, की वासंतीकाकू पोतनीसांनी नवऱ्याला कागद तळून खायला घातला. जो तो त्यात आपल्या पदरचं काहीतरी घालत होता. गौरीच्या म्हणण्याप्रमाणे काकांनी वर चाट मसाला मागून घेतला. सुमीत तर शपथेवर सांगत होता, की काकांनी दुसरा मागितला आणि काकूंनी दिला.

सगळं खोटं. काकूंनी कुणाला काही खायला घातलं नाही. कागद काकांनी स्वतःच्या हातानं तळला, स्वतःच्या मर्जीनं खाल्ला, आणि त्या वेळी काकू आतल्या खोलीत पंख्याखाली पालथ्या झोपल्या होत्या. दुपारची झोप त्यांना महिन्याभरानं मिळाली होती. ती कशी मिळाली आणि किती महागात पडली, हे मात्र कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

वासंतीकाकू सत्तावन्न वर्षांच्या. नानाखेड्याकडच्या एका खासगी शाळेचं ऑफिस त्या सव्वीस वर्षं सांभाळतायत. पोतनीस म्हणजे शिंद्यांच्या दरबारात खजिना राखणारे. काकूंच्या कमरेला आता एका लोखंडी कपाटाची किल्ली असते आणि त्या कपाटात टीसीची पुस्तकं, खडूचे खोके, शिवाय एक शाईची दौत. ती दौत त्यांची. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव काकूंनी लिहिलेलं आहे, तिरक्या कापलेल्या निबनं, काळ्या शाईत, खाली रेघ न आखता. तरी ओळ अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. देवास गेटला एका औषधवाल्यानं आपलं पाचवीतलं प्रमाणपत्र गल्ल्याच्या मागे काचेत लावून ठेवलंय. काकू गोळ्या घ्यायला जातात तेव्हा त्याच्याकडे बघत नाहीत, पण उभ्या मात्र अशा राहतात की ते दिसावं.

एप्रिलच्या शेवटी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. काकू तो प्रसंग सांगतात तेव्हा प्राचार्यांचं 'देखिए ऐसा है' एकदाही गाळत नाहीत.

"मॅडम, देखिए ऐसा है, जमाना बदल गया। देखिए ऐसा है, फ्रीगंज के प्रेसवाले ये सॅम्पल दे गए हैं।"

सॅम्पल म्हणजे एक चकचकीत कार्ड. कडेनं सोनेरी वेल आणि चारही कोपऱ्यांत लग्नपत्रिकेतली फुलं.

"जुलाई में गुणगौरव समारोह है। आप कंप्यूटर पर इससे अच्छा बनाकर दिखा दीजिए, पंद्रह जून तक। नहीं तो काम उनको दे देंगे। आप भी कितना करेंगी? आराम कीजिए।"

आराम हा शब्द कानावर पडला तेव्हा काकूंना क्षणभर बरंच वाटलं. पहाटे साडेपाचला उठून नळाचं पाणी भरायचं, सातला डबे, साडेसातला शाळा. उन्हाळ्याची सुट्टी असली तरी प्रवेशाचे फॉर्म असतात, पालक असतात, 'मॅडम, फोटो कल देंगे' असतं. दोन्ही गुडघे दुखतात आणि उजवा जरा जास्त. सोडून द्यावं की, असं त्यांना वाटलं. मग त्या आपल्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की या ऑफिसात त्या दिवसभर जे जे लिहितात ते फायलीत जातं. नाव लिहिलेला कागद तेवढा कुणीतरी घरी नेतं. तेवढंच काम जाणार होतं. बाकीची सगळी राहणार होती.

फ्रीगंजात सायकलच्या दुकानावर, माडीवर आमचा क्लास. पाटीवर लिहिलंय 'हातकागद व डिजिटल डिझाइन, सहा आठवडे.' अकरा मेला काकू ते दोन जिने चढून आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "सर, मला फक्त कॉम्प्युटर शिकायचंय. कागदाच्या वेळी मी नाही येणार."

सौमित्र सर एकोणतीस वर्षांचे. त्यांचं मराठी इंदूरला जाता जाता वाटेत सांडतं आणि येताना हिंदी भरून आणतं. "काकू, तसं नाही जमत. पहले कागद, मग कॉम्प्युटर. जो आपण बनवला नाही त्यावर छापायला मजा येत नाही."

"बाजारात रिम मिळतं की."

"मिळतं ना. इसीलिए मजा येत नाही."

"मला मजा नकोय, सर. मला पंधरा जूनच्या आत जमायला हवंय."

पण कोर्स एकत्र होता, फी एकत्र होती आणि जिने परत उतरायची काकूंची तयारी नव्हती. त्या बसल्या.

कागद बनवणं म्हणजे आधी जुनं सुती कापड फाडायचं, बारीक कापायचं, भिजवायचं, उकळायचं आणि वाटायचं. त्याचा लगदा टबभर पाण्यात सोडायचा. मग जाळीची चौकट त्यात तिरकी बुडवायची आणि आडवी, अगदी समतोल वर काढायची. पाणी गळून जातं, जाळीवर साय उरते, ती ओल्या कापडावर उलटी टाकायची. अशी चळत झाली की ती फळ्यांच्या दाबाखाली ठेवायची. आम्ही पोरं पहिल्या दिवशी टबात हात घालून खिदळत होतो. काकूंनी चौकट एकदाच बुडवली, एकदाच उचलली. साय सगळीकडे सारखी.

"काकू, आधी कभी किया है क्या?" सरांनी विचारलं.

"चाळीस वर्षं दूध तापवतेय," काकू म्हणाल्या. "साय मोडू नये म्हणून हात आपोआप हळू होतो."

नंतर दाबाखाली कागद तासभर राहायचा आणि तेवढा तासभर काकू खुर्चीत झोपायच्या. मान न टाकता, पर्स पोटाशी धरून, बसमध्ये झोपतात तशा. सरांनी एकदा हळूच सांगितलं, "त्यांना कुणी उठवू नका. कागद निघाला की त्या उठतात." आणि खरंच उठायच्या. फळ्यांचा स्क्रू सैल झाल्याचा आवाज त्यांना झोपेत कळायचा.

कॉम्प्युटरवर मात्र वेगळीच पंचाईत. काकूंना माऊस जमला, अक्षरं लहानमोठी करणं जमलं, एकावर एक थर रचणंही जमलं. "पातेल्यात पातेलं ठेवल्यासारखं आहे," म्हणाल्या. अडलं ते अनडूवर. सर शिकवत होते, की चूक झाली तर हे बटण दाबायचं, चूक गायब.

"गायब म्हणजे? तिची नोंद कुठे होते?"

"कुठेच नाही."

"मग ते खोटं झालं की."

"अहो काकू, खोटं कसलं? चूकच मिट गई ना."

"सर, रजिस्टरात मी कधी खोडरबर चालवलेलं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार?"

"अनडूचं कोण विचारणार?" सुमीत मागून म्हणाला.

"ज्याला विचारायचं असतं तो विचारतो, बाळा."

त्या दिवसापासून काकू प्रत्येक चुकीला नवीन फाईल उघडायला लागल्या. आठवड्यात त्रेपन्न फायली झाल्या. कॉम्प्युटर अडखळायला लागला आणि काकूही. शेवटी सरांनी हात जोडले. मग काकूंनी मधला मार्ग काढला. पर्समध्ये एक छोटी वही आली. अनडू दाबलं की त्यात लिहायचं, 'दि. २८ मे, किनार जाड झाली, मागे घेतली. वा. पो.' आम्ही हसलो. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं त्या फोटो उद्या देणाऱ्या पालकांकडे पाहतात, आणि पुढची नोंद केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं डिझाइन तयार झालं. सोनेरी वेल नाही, फुलं नाहीत. वर शाळेचं चिन्ह, खाली दोन ओळी, मधे नाव. नावाची अक्षरं त्यांनी स्वतःच्या निबनं कागदावर लिहिली, स्कॅन केली आणि एकेक करून जागेवर बसवली. साध्या कागदावर छापून पाहिलं तर काकूंनी चष्मा वर सरकवला. "फीची पावती वाटतेय."

"हातकागदावर घ्या," सर म्हणाले.

हातकागदावर घेतलं तर शाई पसरली. अक्षरांना केस फुटले. सर म्हणाले, कागदाला सायझिंग करावं लागतं, वरून एक पातळ थर द्यावा लागतो म्हणजे शाई आत शिरत नाही. बाहेरून पावडर मागवायची तर आठ दिवस लागतील.

"थर कशाचा?"

"स्टार्चचा."

"म्हणजे खळच ना?" काकू पहिल्यांदा जरा ताठ बसल्या. "माझ्या सगळ्या सुती साड्यांना मी साबुदाण्याची खळ घालते. आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी बारा मोठे कागद घरी नेले. शिवाय आठ लहान गोल कागद नेले, कारण भरतकामाच्या रिंगवर जाळी ताणून आम्ही तसे गोलही काढायचो आणि खळ किती पातळ हवी ते आधी गोलांवर बघायचं होतं. शनिवार होता, तेरा तारीख. शाळेतून आल्या आल्या त्यांनी साबुदाणा शिजवला, गाळला, पाणी घातलं, बोटांत चिकटपणा पाहिला. कागद एकेक करून त्यात बुडवले आणि गच्चीवर प्लॅस्टिकवर पसरले. गच्चीवर जागा कमी, कारण काकूंनी सकाळीच साबुदाण्याचे पापड घातले होते. उन्हाळ्याचं घर आहे, पापड होणारच. एकीकडे पापड, एकीकडे कागद. एक मोठा कागद त्यांनी अर्ध्या तासातच आणला, इस्त्री फिरवून पाहिला, तो छान ताठ झाला, तेव्हा सपाट राहावा म्हणून गादीखाली सरकवला. मग पाच मिनिटं टेकावं म्हणून त्याच गादीवर आडव्या झाल्या.

चारच्या सुमाराला धुळीची वावटळ उठली. अनिलकाका बँकेतून रिटायर झाल्यापासून वर्तमानपत्राच्या आड राहतात, पण त्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं, बायको मेल्यासारखी झोपलेली दिसली, आणि त्यांना दया आली. उठवू नये, आपणच आवरावं. ते गच्चीवर गेले आणि दिसेल ते सगळं गोळा केलं. पापड डब्यात गेले. गोल कागद पापडांबरोबर गेले. मोठे कागद डब्यात मावेनात, तर त्यांनी ते व्यवस्थित चौघडी घालून, दाबून बसवले. प्लॅस्टिककडच्या बाजूची खळ अजून पुरती वाळली नव्हती.

एवढं काम केल्यावर माणसाला भूक लागते. काकांनी कढई ठेवली.

काकूंना जाग आली ती काकांच्या आवाजानं. काका दारात उभे, हातात ताटली.

"अगं, माझं म्हणणं काय, या खेपेचे पापड फुलत नाहीयेत."

"कुठले पापड?"

"तुझेच. माझं म्हणणं काय, मीठही कमी पडलंय. चावायला जरा चिवट आहे, पण वाईट नाही."

ताटलीत अर्धा गोल उरला होता, तेल पिऊन पारदर्शक झालेला. काकूंनी तो उचलला, उजेडात धरला. आत धागे दिसत होते. काकांच्याच जुन्या बनियनचे.

"अहो," काकू फार हळू म्हणाल्या, "बाकीचे कुठे आहेत?"

डबा उघडला तेव्हा अकराच्या अकरा मोठे कागद एकमेकांना चिकटलेले. उलगडायला गेलं की घडीवर फाटत होते. काका बाजूला उभे राहून म्हणत होते, "माझं म्हणणं काय, मला वाटलं उडून जातील," आणि नंतर नुसतंच "माझं म्हणणं काय." काकू ओरडल्या नाहीत. ओरडायलाही थोडी शिल्लक लागते अंगात. त्यांनी डब्याला झाकण लावलं, कपाळाला हात लावून ओट्याला टेकल्या आणि मनात दिवस मोजले. लगदा, दाब, वाळवण, खळ, परत वाळवण. तीन दिवस हवेत. हातात होता फक्त रविवार.

"अहो, पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग ओवा खाऊन झोपा," म्हणाल्या आणि आत येऊन गादी उचलली. त्यांच्या अंगाखाली दोन तास दाबलेला तो एक कागद, बारावा, कडक आणि सपाट पडलेला होता.

रविवारी क्लासला सुट्टी असते. तरी सर आले, कारण शनिवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला होता, आणि मी आले, कारण सरांच्या फोनवरचं 'क्या? तळला? कागद?' मी खालच्या दुकानात हवा भरताना ऐकलं होतं. काकूंनी कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून आणला होता, जिने चढताना छातीशी धरून. काचेच्या बाटलीनं त्यांनी तो रात्रभरात गुळगुळीत घोटला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एकच आहे, सर."

"एकच पुरतो, काकू. पण ये मशीन जरा… हातकागद खेचताना नखरे करते."

काकूंनी प्रिंटरकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग वही उघडली आणि सगळ्या नोंदी शेवटपर्यंत वाचल्या, जणू काही राहून गेलं असेल तर ते आत्ताच कळावं. सव्वीस वर्षांत त्यांनी चुकलेलं प्रमाणपत्र फाडून दुसरं घेतलं होतं. आज दुसरं नव्हतं.

"घाला," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले.

मशीन घरघरलं, कागद अर्ध्यात थांबला. मग तो सरकत बाहेर आला. शाई पसरली नव्हती. अक्षरं काळी, नेटकी, काकूंचीच. घोटलेल्या कागदावर ती अशी बसली होती की बोट फिरवावंसं वाटत होतं. सर म्हणाले, "काकू, आली ना मजा!"

काकूंनी डोळे उघडले, कागद हातात घेतला, नाकाजवळ नेला. "ओळ डावीकडे उतरलीय."

सरांनी पट्टी लावली. दोन मिलिमीटर. कागदाच्या कडा हाताच्या, त्या कुठे सरळ असतात. मशीननं तो किंचित तिरका ओढला होता. सर म्हणाले, कड कापून टाकू, कळणार नाही. काकू म्हणाल्या, कड कापली तर मग हातानं कशाला केला?

त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या, की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "काकू, दोन मिलिमीटर कुणाला दिसतात? प्राचार्य म्हणतील, 'देखिए ऐसा है, बहुत सुंदर!' आणि सही करतील. लावता पैज?"

"पहिलं तेच दिसेल त्यांना."

"नाही दिसणार. हरले तर पुढच्या कागदांच्या सगळ्या चिंध्या मी कापीन."

"पुढचे कागद होतील तेव्हा ना, मृण्मयी," काकू म्हणाल्या. पण पैज लावली.

सोमवारी क्लास चारला सुरू झाला. काकू पावणेपाचला आल्या, जिना चढल्या, बसल्या, पाण्याचा पेला संपवला, पदरानं मान पुसली. आम्ही सगळे टबाभोवती हात ओले घेऊन उभे.

"कागद हातात घेतला त्यांनी," काकू म्हणाल्या. "फ्रीगंजवाल्यांचं कार्ड शेजारीच पडलेलं. नावाखालून असं बोट फिरवलं. मग म्हणाले, 'मॅडम, देखिए ऐसा है, ये लाइन टेढ़ी है।'"

"हे राम!" गौरी म्हणाली.

"म्हणाले, 'छब्बीस साल में आपकी लाइन कभी टेढ़ी नहीं गई।' मी म्हटलं, मशीनमुळे झालं. तर म्हणाले, 'मशीन को बोलिए। साठ चाहिए, जुलाई के पहले शनिवार तक। सीधी।' आणि ते चकचकीत कार्ड उचललं, त्याच्या मागच्या बाजूला कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला."

सर नाचायलाच लागले. सुमीतनं टबातलं पाणी उडवलं. काकू मात्र तशाच बसून होत्या. साठ म्हणजे साठ वेळा चौकट, साठ वेळा खळ, गच्चीवर पापडांची जागा रिकामी करायला हवी, आणि शाळेचे फॉर्म आहेतच. "काम राहिलं," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही, आणि मग पर्सची चेन उघडून त्यांनी एक कात्री काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पिशवीतून काकांचे तीन जुने लेंगे निघाले, दोन उशांचे अभ्रे, एक फाटकी चादर.

चिंध्या बोटाच्या पेराएवढ्या कापायच्या असतात. शिवण लागली की ती वेगळी काढायची, तिचा दोरा लगद्यात मिसळत नाही. मी पहिला लेंगा मांडीवर पसरला, कात्री लावली.

काकूंनी मान भिंतीला टेकली होती. डोळे मिटलेलेच होते.

"आधी नाडी काढ," त्या म्हणाल्या.